माघातले रातकिडे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ज्या तपासाची नोंद नाही तो तपास नव्हे, ती नुसती कटकट, असं आमचे एक साहेब म्हणायचे. म्हणून सात वर्षांनी पुन्हा नोंदवही उघडली आहे. नोकरीत असताना रोज लिहायचो. निवृत्तीच्या दिवशी शेवटची सही केली ती केलीच.

तक्रार अशी. रोज संध्याकाळी सात वाजता मी घरापुढच्या छपरीत रेडिओ लावतो. मीडियम वेव्ह, नागपूर. बकाराम कुमरे, माझा खात्यातला जुना सोबती, आपल्या घरून चालत येतो, आम्ही बातम्या ऐकतो, मग गाणी लागली तर गाणी, आणि माझी बायको देवकाबाई दोघांना चहा देते. गेले काही दिवस रेडिओत खरखर आहे. बारीक, सतत, किर्रर्र अशी. बाई बातम्या वाचत असली की निम्मं त्याच्याखाली दबतं. पुरुष असला तर जरा बरं.

एकतीस वर्षं मी वनखात्यात वायरलेस ऑपरेटर होतो, त्यातली बहुतेक नागझिऱ्यात. खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढणं हीच माझी भाकर होती. तेव्हा ही खरखर येते कुठून हे मी शोधणारच.

बकारामला विचारलं. तो म्हणाला, "मले तं बराबर आयकू येऊन रायलं, बाबू." मी म्हटलं, "तू जंगलातला शिपाई, तुले सिग्नल काय समजते?" तो हसला. हल्ली तो माझ्या डाव्या बाजूला बसतो, अगदी वाटेत. देवकाबाईला चहा घेऊन त्याच्या पायांवरून यावं लागतं.

संशयित तीन: सालेकशाहून जाणारी विजेची रेल्वेलाईन, घरातले एलईडी बल्ब, आणि बकारामची झटका मशीन. ही त्यानं जानेवारीत बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या आपल्या उन्हाळी धानाला लावली. बांध्यांभोवती तार, बॅटरीवरची लहानशी पेटी, दर सव्वा सेकंदाला एक झटका. डुक्कर बिचकून पळतं, मरत नाही. पण अशी पेटी जवळच्या रेडिओत टिकटिक घालते, हे कुठल्याही वायरलेसवाल्याला माहीत असतं.

टिकटिक मला ऐकू येत नाही, खरखर येते. तारेचा जोड ढिला असेल तर टिकटिकीची खरखर होऊ शकते.

९ फेब्रुवारी, रविवार

नीतूचा फोन. माझी मुलगी, नागपूरला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, नुसत्या कानानं नाही चालणार, मला स्पेक्ट्रम बघायला पाहिजे. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

ती म्हणाली, "बाबा, त्याला आता मोठं यंत्र लागत नाही. यूएसबीची काडी मिळते. लॅपटॉपला लावायची, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं."

मला चौऱ्याण्णव साल आठवलं. आमच्या बेस स्टेशनवर काहीतरी घुसखोरी करत होतं, तेव्हा नागपूरहून इंजिनिअर स्पेक्ट्रम अॅनालायझर घेऊन आला होता. जीपमधून लाकडी खोकं उतरवायला दोन माणसं लागली. हिरवा पडदा, त्यावर एक थरथरती रेष. मी जवळ गेलो तर साहेब म्हणाले, "राहांगडाले, हात लावू नका." मी हात मागे बांधून दोन तास उभा होतो. इतकं सुंदर यंत्र मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि ते आपलं नाही याचं मला त्या रात्री रडू आलं होतं. हे देवकाबाईलाही कधी सांगितलं नाही.

नीतू शेवटी म्हणाली, "बाबा, एकदा कानही दाखवून या ना." म्हातारं झालं की यांना सगळं दुखणं आपल्या शरीरात दिसतं. बाहेरचं काही बिघडलेलं असू शकतं, हे सुचतच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बकाराम कचारगडच्या यात्रेहून परतला. पाय सुजलेत, पण चेहरा उजळलेला. "जय सेवा, बाबू!" करत दारातूनच ओरडला. हल्ली फार ओरडून बोलतो. वय झालं की आवाज वाढतो.

माघ अर्धा सरला, सकाळी अजून शाल लागते, तरी रातकिडे थांबायला तयार नाहीत. पूर्वी ते पावसाळ्यात ओरडायचे. देवकाबाईला म्हटलं, यंदा ऋतूच फिरले. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पार्सलवाला आला. "अंकल, साइन कर दो." इतका हलका डबा होता की रिकामा आला की काय असं वाटलं.

अंगठ्याएवढी काडी आणि वीतभर अँटेना. नीतूनं फोनवर सांगितलं तसं सॉफ्टवेअर टाकलं. आणि पडदा उजळला. खाली गोंगाटाचा तळ, त्यावर एफएमच्या प्रत्येक स्टेशनचा एकेक उंच डोंगर, आणि त्याखाली रंगीत पट्टा हळूहळू खाली सरकत जाणारा. त्याला इंग्रजीत धबधबाच म्हणतात. मी हात लावला. पडद्याला बोट लावून बराच वेळ बसलो. कोणी नाही म्हणायला नव्हतं.

एके ठिकाणी बारीक रेष चमकून गेली. आमच्या जुन्या बँडच्या आसपासची. क्लिक केलं असतं तर कोणाचा तरी आवाज आला असता. केलं नाही. ते ऐकायचा अधिकार मी सात वर्षांपूर्वी सहीनिशी परत केला आहे.

मग मीडियम वेव्हवर यायला गेलो आणि पचका झाला. ही काडी चोवीस मेगाहर्ट्झच्या खाली बघतच नाही! मीडियम वेव्ह संपते पावणेदोनच्याही आत. टीव्हीच्या कामाची काडी आहे ती, तिचं काय चुकलं? डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं. एकतीस वर्षं वायरलेसवर काढलेल्या माणसानं फक्त किंमत वाचली आणि फ्रिक्वेन्सी वाचली नाही. नीतूला सांगितलं तर ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

२ मार्च, रविवार

या वेळी घाई नाही. नीतूनं तीन पर्याय पाठवले, मी रविवार घालवला.

एक काडी साधीच, पण सॉफ्टवेअरमधली एक खूण बदलली की खालच्या फ्रिक्वेन्सी चोरवाटेनं दाखवते. स्वस्त, पण जवळ जोरदार स्टेशन असेल तर भलत्याच ठिकाणी त्याची भुतं उभी राहतात. तपासात भुतं नकोत.

दुसरी तिच्याच जातीची, पण खालचा बँड वर उचलून देणारा भाग आतच बसवलेला, डबी धातूची, आणि क्रिस्टल असा की तापला तरी फ्रिक्वेन्सी सरकत नाही. एका वेळी सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झची फाक दिसते. मीडियम वेव्ह सगळी मिळून एक-सव्वा मेगाहर्ट्झ, म्हणजे एका नजरेत मावली.

तिसरी फार मोठी खिडकी उघडते आणि प्रक्षेपणही करते. किंमत कितीतरी पट. प्रक्षेपण म्हटलं की परवाना आला. शिवाय मला गावातला एक गोंगाट शोधायचा आहे, आकाश मोजायचं नाही.

दुसरी मागवली. नीतू म्हणाली, "बाबा, माझ्या विद्यार्थ्यांना एवढा विचार करता येत नाही." पंधरा दिवस लागतील.

६ मार्च, गुरुवार

आज माझ्याकडून वाईट झालं. लिहितो, कारण वहीत खोटं लिहायची सवय नाही.

कैलाशच्या चहाटपरीवर सात-आठ जण होते, बकारामही. मी म्हटलं, मशीन दोन दिवस बंद ठेव, खरखर जाते का बघू. तो म्हणाला, "धान कोवरं हाये, बाबू. दोन दिवसांत डुकरं नास करतीन. आन् तुह्या रेडिओत काईच नाई ना. कायले मशीनले बदनाम करतेस?"

सगळे हसले. मला ते हसणं लागलं. रेडिओत काही नाही, हे मला सांगतो? मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मशीनच हाये का तारीत सीधा करंट सोडलास, कोनाले मालूम?"

 थेट करंट म्हणजे काय ते इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यानं डुक्कर मरतं, हरीण मरतं, कधी वाघ, कधी पहाटे शेतावर गेलेला माणूस. बकारामनं एकतीस वर्षं अशा तारा शोधून कापल्या आहेत. कितीदा मीच त्याचा निरोप वायरलेसवर पुढे पाठवला.

 त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला.

संध्याकाळी सात वाजता आला नाही.

८ मार्च, शनिवार

टपरीवरचं बोलणं पसरत वनखात्यापर्यंत गेलं. लखन नावाचा नवा वनरक्षक तपासायला आला. तार बघितली, पेटी बघितली, बॅटरी बघितली. सगळं नियमात. लखननं बकारामची माफीही मागितली म्हणे. बकाराम त्याला म्हणाला, "तुही ड्युटी हाये, बावा. तू बराबर केलास."

लखन गेल्यावर त्यानं पेटी उपटली, तार गुंडाळली आणि घरात नेऊन ठेवली. हे मला देवकाबाईनं सांगितलं. वर म्हणाली, "आता झाला ना तुमचा रेडिओ साफ?"

सात वाजता रेडिओ लावला. खरखर आहे तशीच आहे. म्हणजे आणखी कुठून तरी येते आहे.

१० मार्च, सोमवार

निरंक. बकाराम आला नाही.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. दर वर्षी त्याच्याकडून मोहफुलं घातलेल्या भाकरी येतात. या वर्षीही आल्या, पण बायजाबाईनं देवकाबाईच्या हाती परस्पर दिल्या. त्याच्या बायकोनं भांडण मानलेलं नाही. 

एकटा बसलो की जुना सकाळचा कॉल आठवतो. साडेसहाला मी एकेक कॅम्प पुकारायचो, आणि एकेक जण जंगलातून उत्तर द्यायचा. कोणी जांभई देत, कोणी खोकत, कोणाच्या मागे कोंबडा आरवत असायचा. धुकं खिडकीपर्यंत आलेलं, स्टोव्हवर चहा, आणि सगळं जंगल एकेका आवाजानं जागं होत जायचं. त्या अर्ध्या तासासाठी मी घरापासून इतकी वर्षं लांब राहिलो. मला पुन्हा कोणी ते दिवस दिले तर मी पगाराशिवाय जाईन.

बकारामचा कॅम्प टेकडीपलीकडे, सिग्नल सगळ्यांत कमजोर. तो बोलण्याआधी बटण दाबून क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यावरूनच मी ओळखायचो.

शहाण्णवच्या मे महिन्यात एकदा दुपारी मी सेटपाशी एकटा होतो. सेटची नेहमीची खरखर चालू होती. ती मधेच थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. असं तीनदा. शब्द नाही, श्वास नाही. पलीकडे कोणी बटण दाबलं की खरखर थांबते, पण बटण दाबून कोणी गप्प का बसेल? मी साहेबांना सांगितलं, बकाराम आहे, त्याला बोलता येत नाही, जीप पाठवा. ते म्हणाले, हवेतलं काहीतरी असेल. मी हट्ट धरला. आयुष्यात साहेबांवर आवाज चढवला तो तेवढाच. जीप गेली. अस्वलानं त्याचा जबडा फाडला होता, तो सेटला टेकून पडला होता आणि अंगठा बटणावर होता.

त्याच्या गालावरचा वण अजून आहे. हसतो तेव्हा तेवढी बाजू हसत नाही.

२४ मार्च, सोमवार

नवी काडी आली. काय वस्तू आहे! पेरूच्या झाडापासून भिंतीपर्यंत तार ओढून अँटेना केली. नागपूर स्टेशन खांबासारखं सरळ उभं राहिलं. त्याच्या आसपास खालचा तळ मात्र खडबडीत, ठरावीक अंतरावर उंचवटे. बघितलंस, बकाराम? होता ना गोंगाट? मी खोटं बोलत नव्हतो.

२८ मार्च, शुक्रवार

चार दिवस मजेत गेले. लॅपटॉपचा चार्जर काढला, अर्धे उंचवटे गेले. छपरीतला एलईडी बल्ब काढून जुना पिवळा लावला, आणखी गेले. शेजारच्या मंजूताईंच्या टीव्हीचा डबा बंद करायला लावला, तळ आणखी खाली बसला. त्या म्हणाल्या, "काका, माही मालिका चालू होती ना!" प्रत्येक शोधाची वेळेसकट नोंद केली.

एक गोष्ट मात्र समजत नाही. पडद्यावरचा गोंगाट निम्म्याहून कमी झाला आहे. इअरफोनमधला तेवढाच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची काही मांडणी चुकली असेल. नीतूला विचारायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

बकारामच्या धानात डुकरं शिरली. लोंब्या दुधावर आल्या होत्या. पहाटे बायजाबाई मोहफुलं वेचायला निघाली तेव्हा तिला दिसलं. एक एकरातलं अर्ध्याहून जास्त लोळवून, चावून टाकलंय.

देवकाबाई जाऊन आली. मी विचारलं, तो काय म्हणाला? "काईच नाई. खाली पडलेल्या लोंब्या उचलून रायला होता."

मी पेरूच्या झाडाखाली जाऊन बसलो. मशीन त्यानं स्वतःच काढली, मी काढ म्हटलं नव्हतं, असं मी स्वतःला दहादा समजावलं. दहाही वेळा पटलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज दुपारी अडीचला वीज गेली. सबंध गावाची. मी वाटच बघत होतो. लॅपटॉप बॅटरीवर, गावात एकही बल्ब, टीव्ही, पंप चालू नाही. खरी परीक्षा.

तळ असा बसला की मी तसा कधी पाहिला नव्हता. सारवलेल्या अंगणासारखा सपाट. त्यावर नागपूर एकटं उभं, आजूबाजूला काही नाही. मी मोठं करून बघितलं, बारीक करून बघितलं. उंचवटा नाही, ठिपका नाही. चौऱ्याण्णवच्या त्या इंजिनिअरनंसुद्धा इतका स्वच्छ स्पेक्ट्रम बघितला नसेल.

इअरफोन लावला. खरखर.

अँटेनाची तार काढली. पडद्यावरून नागपूर गेलं. खरखर होती. आवाज शून्यावर आणला. होती. इअरफोन काढून ठेवला, लॅपटॉप मिटला, रेडिओ तर बंदच होता. गावात वीज नव्हती. खरखर चालूच होती.

मी देवकाबाईला हाक मारली. म्हटलं, खरं सांग, रातकिडे ओरडून राहिले का?

ती जवळ येऊन बसली, डाव्या बाजूला, बकाराम बसायचा तिथं. हळूच म्हणाली, "भर दुपारी कोनते रातकिडे? तुमी माघापासून इचारून रायले. मले एक दिवसबी आयकू नाई आले."

 तिनं माझा हात धरला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, दिवसाउजेडी छपरीत तिनं असा हात कधी धरला नव्हता. मला खूप रडू आलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी बकारामकडे गेलो. तो अंगणात लोंब्या निवडत होता, उरल्यासुरल्या. मला बघून हात थांबले नाहीत.

म्हटलं, "बकाराम, खरखर रेडिओत नाई. माह्या कानात हाये."

"मालूम हाये."

"कईपासून?"

"दिवारीपासून. तू मले काईबी दोनदा बोलायले लावतेस. बाई बातम्या सांगते तवा तू माह्या तोंडाकडे पाहातेस."

"मंग सांगितलास काऊन नाई?"

त्याचे हात थांबले. "मी सांगू तुले?" तो म्हणाला. "मी?" आणि पुन्हा लोंब्या उचलल्या. "धानाचं काय, पुढच्या साली होते."

मी तिथंच जमिनीवर बसलो.  बायजाबाईनं पाणी आणून दिलं. मग मी म्हटलं, माझं चुकलं, करंटचं मी खोटं बोललो.

तेव्हा त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "थे लागलं, बाबू. डुकराचं नाई लागलं, थे लागलं. लखन पोरगा माही तार तपासायले आला. माही." मग म्हणाला, "पन मले नोको सांगू. जेथी बोललास तेथी सांग."

२१ एप्रिल, सोमवार

टपरीवर गेलो. दहा-बारा जण होते. चहा घेतला. उन्हावर बोललो. दुसरा चहा घेतला. घरी आलो.

करंटचं मागे घ्यायला मला जड जात नाही. पण तेवढंच सांगितलं तर कोणीतरी विचारणार, मग खरखर कशाची होती? आणि त्याचं उत्तर द्यावं लागणार. या गावात माझी ओळख एकच आहे. दुधराम म्हणजे तो, ज्यानं जंगलातून बकारामला ऐकलं. ते मी माझ्या तोंडानं पुसायचं.

लॅपटॉप नेऊन पडद्यावर समजावून सांगावं, असंही मनात आलं. तळ, खांब, उंचवटे. सगळं शास्त्रशुद्ध. लोक मान डोलावतील आणि कोणाला काही कळणार नाही. ती पळवाट आहे, हे मला लिहिता लिहिता समजलं.

२३ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

टपरीच्या बाकावर न बसता उभाच राहिलो. म्हटलं, "आयका रे. मी येथी बोललो होतो का बकारामनं तारीत करंट सोडला. थे खोटं होतं. त्याची तार साफ होती, रेडिओबी साफ होता. माहे कान गेले."

 मग कैलाश ग्लास विसळत म्हणाला, "काका, वो तो सबको पता था."

मी विचारलं, "कोनतं?"

"दोनों."

आणि तो हसला, मग सगळे हसले. मीही हसलो. दीड महिना मी जे लपवण्यासाठी मित्राचं धान डुकरांना घातलं, ते या गावात कोणापासूनच लपलेलं नव्हतं. कैलाशनं चहाचे पैसे घेतले नाहीत, त्याचा मात्र राग आला. म्हाताऱ्यावर दया करतो की काय.

नीतूला फोन केला. पुढच्या सोमवारी नागपूरला कान तपासायचं ठरलं. ती फोनवर रडत होती की हसत होती, ते मला नीटसं ऐकू आलं नाही, आणि या वेळी मी तिला तसं सांगितलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी बकाराम दारात उभा. जय सेवा नाही, काही नाही. म्हणाला, "चाल. तार लावाची हाये. अर्धं धान अजून उभं हाये."

मी तारेचं गुंडाळं धरलं, तो खुंट्या ठोकत पुढे गेला. बोडीवरून वारा येत होता. दोनदा मी चुकीच्या खुंटीला तार गुंडाळली आणि दोन्ही वेळा त्यानं मला शिव्या दिल्या, अगदी पहिल्यासारख्या. ऊन चढेपर्यंत सगळ्या बांध्या फिरून झाल्या. लोळलेल्या धानात पाय पडले की मी खाली बघायचो, तो बघत नव्हता.

शेवटी त्यानं पेटी बांधावर ठेवली, बॅटरी जोडली आणि म्हणाला, "बटन तू दाब."

मी दाबलं. वाकून पेटीला कान लावला. आत माझे रातकिडेच ओरडत होते, दुसरं काही नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"होऊन रायली का टिकटिक?"

बकारामनं क्षणभर लक्ष देऊन ऐकलं. "होऊन रायली," तो म्हणाला.

तो म्हणाला म्हणजे होत होती. आम्ही अवजारं उचलली आणि घरी आलो.